चंद्र उगवण्याआधी

दुपारी बाराला आमच्या माडीवर सूर्य मावळत असे.

म्हणजे मी तो मावळवत असे. कॉलेजातली सकाळची प्रॅक्टिकल्स संपवून साडेअकराला घरी यायचं, हातपाय धुवायचे, जिना चढायचा आणि टाकीवरचे मोठे दिवे मंद होत विझताना बघायचे. खिडक्यांना काळं प्लास्टिक, त्यावर काळी चादर, दाराच्या फटीला गुंडाळलेलं पोतं. बाहेर एप्रिलचं ऊन कौलं तापवत असे आणि आत रात्र झालेली असे. रात्रीचा प्रयोग दिवसा करण्याचं कारण साधं होतं: मला नोकरी होती आणि झोप हवी होती. झोप तरीही लागत नव्हती. दिवसाला दोन रात्री असलेल्या माणसाला त्यातली एकही धड मिळत नाही.

टाकी सहाशे लिटरची. तिच्यात आडबंदरच्या खडकावरून परवाना काढून आणलेले फांद्यांच्या पोवळ्याचे अकरा तुकडे होते. त्यातले सात जगले. पोवळं म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. हजारो इवले प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचं घर बांधत जातात. त्यांना हलता येत नाही. म्हणून वर्षातून एकदा खडकावरच्या सगळ्या वसाहती एकाच संध्याकाळी अंडी आणि शुक्रजंतूंच्या बारीक गोळ्या पाण्यात सोडतात. एकाच संध्याकाळी, हे महत्त्वाचं. एकीने सोमवारी आणि शेजारणीने गुरुवारी सोडल्या तर माशांची मेजवानी होते, बाकी काही नाही. वेळ जुळवायला त्यांच्याकडे घड्याळ एकच, चंद्र. डोळे नसले तरी त्यांच्या कातडीत निळा प्रकाश ओळखणारी प्रथिनं असतात. पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात कधीतरी ती वसाहतीला इशारा देतात.

आमच्या खडकाची पाहणी सुरू झाल्यापासून तीन वर्षं हा इशारा पोचला नव्हता. अंडी पिकत आणि न सुटता आतल्या आत विरून जात. खडकावर नवं पोवळं नाही, म्हणून माशांची पिल्लं नाहीत, म्हणून जाळ्यांत काही नाही. पाहणी करून गेलेल्या समितीने कारण दिलं: तापलेलं पाणी. आरशांचाही विचार झाला होता, पण आरसे निर्दोष सुटले होते.

आरशांबद्दल सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावर सांजप्रकाश योजना आली. पृथ्वीवर रात्र झाली तरी सहाशे किलोमीटर उंचीवर थोडा वेळ ऊन असतंच. तिथे पातळ पत्र्यासारखे आरसे माळेतल्या मण्यांसारखे एकामागून एक फिरतात आणि ते ऊन खाली पाडतात. सूर्य मावळल्यापासून अडीच तास आमच्या बारा किलोमीटरच्या पट्ट्यावर चाळीस पौर्णिमांइतका उजेड असतो. साडेनवाला शेवटचा आरसा पृथ्वीच्या सावलीत जातो. पुढे रात्रभर चंद्राला कुणाची आडकाठी नाही, म्हणून समितीने आरसे सोडून दिले.

ही योजना गावात माझ्या नवऱ्याने, मकरंदने आणली. त्याचा धाकटा भाऊ प्रणित आठ वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी बुडून गेला. साडेसात वाजले होते, कृष्ण पक्ष होता, परतताना होडी मुडदुशा खडकावर फुटली. पुढची दोन वर्षं मकरंद अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता. आता योजनेचं इथलं केंद्र तोच बघतो. कुठल्या संध्याकाळी किती पट्टा उजळायचा याचं महिन्याचं पत्रक त्याच्या सहीने जातं. आरसे आल्यापासून मुडदुशावर एकही होडी आपटलेली नाही. आमच्या घरात यावर कुणी कधी बोलत नाही. बोलायची गरज नसते.

माझा प्रयोग समितीचंच म्हणणं तपासायचा होता. टाकीतलं पाणी मी थंड ठेवलं होतं. वर स्वच्छ चंद्र दिला की पोवळ्यांनी अंडी सोडायला हवी होती. सोडली, तर दोष उष्णतेचा.

बाजारात चंद्र मिळतात, शोभेच्या टाक्यांसाठी. ते भडक असतात. पौर्णिमेचं चांदणं सूर्यप्रकाशाचा चार लाखावा भाग. तेवढा मिणमिणता दिवा कुणी विकत नाही, म्हणून तो मीच केला. एक निळसर पांढरी एलईडी, तिच्यावर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद, त्याला शिवणाच्या सुईने पाडलेलं एक भोक, खाली बटर पेपरचे तीन थर. हे सगळं बिस्किटांच्या डब्यात बसवून टाकीवर टांगलं. अंधारात वीस मिनिटं बसल्यावर वर्तमानपत्राचा मथळा जेमतेम दिसला आणि बातमी दिसली नाही, तेव्हा मला पटलं. कलेकलेने चंद्र मंद करण्यासाठी एक छोटा कंट्रोलर बसवला. तिथीप्रमाणे तीस आकडे त्याला मी स्वतः मोजून दिले. मला त्या आकड्यांचा अभिमान होता.

पहिल्या वर्षी काही झालं नाही. या वर्षी चैत्री पौर्णिमेच्या आधी मी एक नखाएवढी फांदी मोडून पाहिली. आत गुलाबी ठिपके होते, पिकलेले. सात तुकडे, बहुधा त्यांचं शेवटचं वर्ष. दोन तुकड्यांची टोकं पांढरी पडायला लागली होती.

पौर्णिमा गेली. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया गेली. मी रोज बारा ते पाच स्टुलावर बसून होते, हातात लाल काचेची विजेरी. लाल प्रकाश पोवळ्यांना जवळजवळ जाणवत नाही. काही घडत नव्हतं. खाली कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकत होते.

चतुर्थीच्या दिवशी साडेबाराला सासूबाई वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या जिना चढत नाहीत. पण त्या दिवशी त्यांची संकष्टी होती, चुलीपाशी काम नव्हतं, आणि उपाशीपोटी त्यांना गप्पा लागतात. त्या चाचपडत आत आल्या, पोत्याला अडखळल्या आणि माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या.

"खय गो तुझो चंद्र?"

मी डबा दाखवला.

"इलो पण? इतक्यात?"

"सूर्य मावळला की लागतो आई. आज मंद आहे बघा, चतुर्थीचा."

"म्हणजे पुनवेक आणि चतुर्थेक येकाच टायमाक उगवता?"

"हो."

मग अंधारात त्यांचं हसू ऐकू आलं.

"मगे गणपती माका साडेनऊपर्यंत उपाशी कित्याक ठेवता? पुनवेचो चंद्र दिवस बुडताना येता. दुसऱ्या दिवशी घटकाभर उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. चतुर्थेक तर पोटात कावळे कोकलाक लागतत तरी ह्याचो पत्तो नाय. चाळीस वर्सांचा माझ्या पोटाक ठावक आसा. एवढी शिकलंस, आणि चंद्र कधी उगवता ता तुका म्हातारेन सांगूचा?"

मी डब्याकडे पाहिलं.

त्या म्हणत होत्या ते कुठल्याही पाचवीच्या पुस्तकात आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला सूर्य मावळताच तो वर येतो, मध्ये काळोख नसतो. प्रतिपदेला काळोखाची एक अरुंद पट्टी पडते, आणि चतुर्थीपर्यंत ती अडीच तासांची होते. मी चांदणं किती हे चार लाखाव्या भागापर्यंत मोजलं होतं, आणि ते केव्हा हे मोजलंच नव्हतं. कंट्रोलरला स्विचसारखा एकच रिले होता. सूर्य बंद, चंद्र चालू.

हे मी विसरले कशी? त्याचं उत्तर रिलेत नव्हतं. सहा वर्षांत आमच्या गावात दिवस मावळल्यावर काळोख पडलाच नव्हता. आरसे जायचे आणि चंद्र दिसायचा. संकष्टीचं जेवण लोक मोबाइलवर घंटा वाजली की घेत. घरापुढच्या खळ्यात उभं राहून चंद्राची वाट बघणाऱ्या सासूबाई एकट्याच उरल्या होत्या. सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये काही नसतं हे मला आता खरंच वाटायला लागलं होतं.

मी डब्याची वायर उपटली. खोली पूर्ण काळी झाली.

"काय झाला गो?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही. तुमचं बरोबर आहे. हा आज अडीच तासांनी लावायचा, आणि मग रोज पन्नास मिनिटं उशिरा."

मी काही नाही म्हणाले, पण वायर हातात असतानाच मला दुसरी गोष्ट दिसली होती. पोवळी चांदणं बघत नसतील, काळोख मोजत असतील. पौर्णिमेनंतर रोज रुंदावत जाणारी ती पट्टी हाच इशारा असेल. तसं असेल, तर समुद्रातली ती पट्टी कोण बुजवतं? सूर्य मावळल्यापासून अडीच तास. शेवटचा आरसा साडेनवाला जातो.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. टाकीत काही घडावं असं मला वाटत होतं आणि घडू नये असंही वाटत होतं. घडलं नाही तर सात तुकडे संपले. घडलं तर मला मकरंदशी बोलावं लागणार होतं. तो संध्याकाळी घरी यायचा, पडवीत आरशांच्या उजेडात चहा प्यायचा, विचारायचा, "काय म्हणतंय तुझं पोवळं?" मी म्हणायचे, "बघू." त्याच्या समोर बसून मी कपातली साय बोटाने काढत राहायचे.

षष्ठीच्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, माझा चंद्र उगवायला दोन तास असताना, मधल्या तुकड्याच्या प्रत्येक तोंडात एक गुलाबी मणी आला. मग शेजारच्या तुकड्यात आले, मग सगळ्यांत. दहा मिनिटं ते तसेच अडकून राहिले. मग एक सुटला, वर निघाला, आणि त्यामागून सगळे. मोहरीएवढे शेकडो गोळे लाल विजेरीच्या उजेडात सावकाश वर चढत होते. पृष्ठभागावर त्यांची साय धरली. मी जिन्यापर्यंत जाऊन सासूबाईंना हाक मारली. त्या बघून म्हणाल्या, "अगो बाय! फुटले की." त्यांनी टाकीला नमस्कार केला. मी रडत होते हे त्यांनी पाहिलं.

मी मकरंदला त्याच संध्याकाळी सांगितलं. सगळं सांगितलं: रिले, संकष्टी, काळोखाची पट्टी. त्याने चहा खाली ठेवला.

"हे तुला कधी कळलं?"

"चतुर्थीला."

"म्हणजे दोन दिवस तू माझ्यासमोर बसून बघू, बघू म्हणत होतीस."

"खात्री नव्हती."

"खात्री नव्हती की धाडस नव्हतं?"

तो उठला, पडवीच्या खांबाला टेकला. बाहेर समुद्र पातेल्याच्या तळासारखा चकाकत होता.

"टाकीत झालं ना? मग टाकीतच वाढव. टाक्या घेऊ चार."

"हे सात तुकडे दोनच वसाहतींचे आहेत. भावाबहिणींचंही नातं नाही त्यांचं, एकच जीव कापलेला. निम्मी अंडी फळणारच नाहीत. पोवळ्याला खडक लागतो मकरंद. अजून थोड्या वसाहती पिकायच्या आहेत, त्या वैशाखात सोडतील. पाऊस लागायच्या आधी तेवढीच संधी. मला पाच संध्याकाळी हव्यात. द्वितीया ते षष्ठी."

"काळोख हवा म्हण."

"काळोख हवा."

"आईसमोर म्हण एकदा."

सासूबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "माका बहिरी समजतंस काय रे?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघं कामापुरतं बोललो. मी दुसरा दिवा करायला घेतला. भंगारवाल्याकडून ट्रकच्या मागच्या दिव्यांच्या लाल काचा आणल्या आणि बारा व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चार कंदील बसवले. लाल प्रकाश पाण्यात दोन-चार मीटरांत शोषला जातो. होडीला मुडदुशा दिसेल, आणि खाली पोवळ्यांना काही कळणार नाही. मकरंद येता-जाता बघत होता. एकदा म्हणाला, "ती काच उलटी बसवली आहेस." दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सुलटी होती.

मच्छीमार सोसायटीत विषय त्यानेच काढला. मी मागच्या बाकावर बसले होते.

"पोवळ्यांच्या लग्नाक आमची बत्ती गुल?" भिकाजी तांडेल म्हणाला, आणि सगळे हसले. "आहेर काय देतलंस वयनी?"

"तीन वर्षांनी मासे," मी म्हणाले.

"आणि तोपर्यंत मुडदुशार फुटला कोण, तर?"

हसू थांबलं. सगळ्यांची नजर मकरंदकडे गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. तेव्हा बायकांच्या बाजूने सासूबाई उठल्या.

"माझो प्रणित त्या दिवशी उशिरा निघालो," त्या म्हणाल्या. "मी त्याका जेवन जा म्हटलंय, म्हणान उशीर झालो. आठ वर्सां मी काळोखाक शिव्या घालतंय. पण दगड तेव्हाय थयच होतो, आजय थयच आसा. उजेड इल्यापासून तुमी त्याच्याकडे बघूचा सोडलास. पाच दिवस बघा. सहाच्या आत घराक येवा, बायलो खूश होतील."

ठराव झाला. मकरंदने पत्रकावर पाच तारखांपुढे 'अप्रकाशित' लिहिलं आणि सही केली. सही करताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

वैशाख वद्य द्वितीयेला सूर्य मावळला आणि पुढे काही आलं नाही. धक्क्यावर जमलेल्या पोरांनी आधी आरडाओरडा केला, मग ती गप्प झाली. त्यांतल्या कितीतरी जणांनी असे तारे पाहिलेच नव्हते. खाडीच्या तोंडाशी चार लाल ठिपके होते. तृतीया, चतुर्थी, सगळ्या होड्या सहाच्या आत. खडकावर मी होडी नांगरून बादलीने पाणी काढत होते. काही नाही.

पंचमीला भिकाजीची होडी आली नाही.

सात वाजले, सव्वासात. त्याचा फोन लागत नव्हता. धक्क्यावर त्याची बायको उभी होती. मी आणि मकरंद टोकाला. लाल ठिपके दिसत होते, पण मला एकाएकी ते फार लहान वाटायला लागले. मकरंदच्या हातात केंद्राचा फोन होता. एक सूचना गेली की पुढचा आरसा चार मिनिटांत वळतो. त्याचं बोट पडद्यावर होतं.

"आज पट्टी तुटली तर?" त्याने विचारलं.

"आजची संध्याकाळ गेली. कदाचित हे वर्षही."

त्याने फोन माझ्यासमोर धरला. "मी केलं तर म्हणशील, प्रणितसाठी केलं. तू ठरव."

साडेसात वाजायला दोन मिनिटं होती. मी भिकाजीच्या बायकोकडे पाहिलं. मग बटण दाबलं.

उजेड पांढराशुभ्र पडला. समुद्र, धक्का, सगळ्यांचे चेहरे. भिकाजीची होडी मुडदुशापासून चांगली दूर, संथ उभी होती. भिकाजी वाकून पंख्यात अडकलेलं जाळं कापत होता. धक्क्याला लागल्यावर तो डोळे चोळत म्हणाला, "लाल बत्ती लांबसून दिसत होती, म्हणान थयच थांबान जाळां सोडवत होतंय. वयनी, तुमी तर एकदम दिवसच उगवल्यात!"

लोक हसले. मीही हसले असेन. आरसा अकरा मिनिटं होता. मी वहीत तसं लिहिलं: पंचमी, ७.३२ ते ७.४३.

षष्ठीला पुन्हा काळोख होता. नऊपर्यंत बादलीत फक्त पाणी आलं. पाच संध्याकाळी संपल्या होत्या. घरी येऊन मी माडीवर टाकीपाशी बसले. फळलेल्या थोड्या अंड्यांतून निघालेली पिल्लं फरशीच्या तुकड्यांवर बसली होती, टाचणीच्या टोकाएवढी, मोजून एकोणीस. खडकावर नेली तरी त्यांनाही तिथे काळोख मिळणार नव्हता.

सप्तमीला दुपारी मकरंद घरी आला, जेवायच्या वेळी, जे तो कधी करत नाही.

"पत्रकात दोन संध्याकाळी वाढवल्या, तुटलेल्या पट्टीची भरपाई म्हणून," तो म्हणाला. "सोसायटीत जाऊन आलो. भिकाजीनेच आधी हात वर केला."

"तुला कुणी सांगितलं वाढवायला?"

"काल तू बटण दाबलंस, तेव्हा तुला कुणी सांगितलं होतं?"

"काल नाही, परवा."

"बरं, परवा," तो म्हणाला आणि ताटावर बसला.

त्या संध्याकाळी तो माझ्याबरोबर होडीत आला. खडकावर नांगर टाकला, इंजिन बंद केलं. मी विजेरीही आणली नव्हती, लालसुद्धा नाही. आम्ही दोन फळ्यांवर समोरासमोर बसलो आणि मला तो दिसत नव्हता. पावणेनऊच्या सुमारास पाण्याला वास आला, ओलसर, थोडा मत्स्यतेलासारखा. मी बादली शोधायला वाकले, ती सापडेना, म्हणून बाही वर सारून हातच पाण्यात घातला. बोटांमधून काहीतरी सरकलं. बारीक, गुळगुळीत, दाटीने वर येणारं. मनगटाला चिकटणारं.

"मकरंद," मी म्हणाले, "हात घाल पाण्यात."

थोड्या वेळाने पाण्याखाली त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. तीही त्या दाण्यांनी भरलेली होती.